देवळालीचा ताप, शेफील्डचा टॅप

शेफील्डच्या बिअर वीकसाठी दादा गाडीतून उतरला तो हातात एक्सेलचा छापील कागद घेऊनच. अकरा पब, प्रत्येकाची वेळ, मधलं चालायचं अंतर, आणि शेवटच्या रकान्यात ‘शाकाहारी?’ असं प्रश्नचिन्ह. हा माझा सांगलीचा मामेभाऊ दक्षिण इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो, बिअर चवीने पितो आणि केकमधलं अंडंसुद्धा चालवून घेत नाही.

“एका दिवसात अकरा होतील ना गं?”

“आधी हा पहिला तर बघ,” म्हणून मी त्याला प्लॅटफॉर्मवरूनच आत वळवलं.

शेफील्ड टॅप हा पब स्टेशनातच आहे. इंग्रज साहेबाच्या काळातली फर्स्ट क्लासवाल्यांची ही खानपानाची खोली अनेक वर्षं धूळ खात पडली होती. मग कुणाला तरी सद्बुद्धी झाली, भिंतीवरच्या फरशा घासूनपुसून काढल्या आणि 2009 मध्ये पब सुरू झाला. शेजारच्या जेवणाच्या दालनात आता चक्क बिअर बनते. दाराबाहेर गाड्यांच्या घोषणा आणि आत माल्टचा वास, गरम सातूच्या पेजेसारखा. मी गेली सहा वर्षं इथे कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. या पबपायी किती गाड्या चुकवल्या ते साहेबाला सांगत नाही.

शेफील्डचा बिअर वीक म्हणजे मैदानात मांडव घालून भरवलेली जत्रा नव्हे. 2015 पासून मार्चमध्ये हा आठवडा असतो आणि पब आपापल्या जागीच असतात. कुणी आपले नळ बाहेरगावच्या ब्रूअरीला देतं, कुठे बिअर बनवणारा स्वतः येऊन गप्पा मारतो, कुठे काहीच नसतं, फक्त नेहमीपेक्षा गर्दी असते. मला हा तिसरा प्रकार आवडतो.

टॅपमध्येच आमचं पहिलं भांडण झालं. इथला बारवरचा उभा दांडा म्हणजे आपला हापसाच. तळघरातल्या पिंपातून बिअर हाताने ओढायची. इथे उत्तर इंग्लंडात त्या नळाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावतात, स्पार्कलर म्हणतात तिला. बिअर त्या भोकांतून जोरात बाहेर पडते आणि वर सायीसारखा दाट फेस धरतो. दक्षिणेत ही टोपी लावणं म्हणजे बिअरचा खून समजतात. दादाने ग्लास उजेडात धरला, फेसाची जाडी बोटाने मोजली आणि म्हणाला, “एवढ्याचे पैसे मी दिलेत!” मी म्हटलं, परत भरून माग, इथे कुणी रागावत नाही. पण तो सांगलीचा, मागितलं नाही. नुसता कुढत बसला.

तिथून केलम आयलंड, म्हणजे इथली जुन्या कारखान्यांची वस्ती, अर्ध्या तासाच्या चालीवर. वाटेत मी त्याला संग्रहालयाच्या दारातलं बेसेमर कन्व्हर्टर दाखवलं. हे म्हणजे अंड्यासारखं फुगलेलं, वर तोंड असलेलं लोखंडी धूड. आत वितळलेलं बीड, म्हणजे कच्चं लोखंड, ओतायचं आणि खालून हवा मारायची. त्यातला कार्बन जळून जातो आणि पोलाद उरतं. हेन्री बेसेमरने 1856 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि दोन वर्षांत इथेच कारखाना काढला. माझ्या वडिलांनी शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं भट्टीवर काढली, त्यामुळे मला तिथे जरा जास्त वेळ लागतो. दादा घड्याळ बघत होता.

“याचा बिअरशी काय संबंध?”

आहे की! या शहरात भट्टीवरचा माणूस पाळीत घामाने निथळायचा आणि हाताखालचं पोरगं पबमधून बिअर घेऊन यायचं. बाबांच्या फाउंड्रीत उन्हाळ्यात बादलीतून मीठ घातलेलं लिंबूपाणी यायचं, तेच काम. पुढे भट्ट्या विझल्या. 1999 मध्ये स्टोन्स आणि वॉर्ड्स या इथल्या दोन्ही जुन्या मोठ्या ब्रूअऱ्याही बंद झाल्या. मागे राहिली ती छोटी मंडळी.

त्यातलं आद्यपीठ कोपऱ्यावरच आहे, फॅट कॅट. डेव्ह विकेट हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्याने 1981 मध्ये पडक्या कारखान्यांच्या या गल्लीत हा पब घेतला आणि 1990 मध्ये शेजारीच केलम आयलंड ब्रूअरी काढली. तिच्या पेल रायडरला 2004 मध्ये ब्रिटनमधली सर्वोत्तम बिअर ठरवलं गेलं. ब्रूअरी 2022 मध्ये बंद पडली, पण पेल रायडर वाचली. ती आता डर्बीशरची थॉर्नब्रिज बनवते. थॉर्नब्रिजच्या जन्मातही विकेटचा हात होता, म्हणजे पोर आजोळी गेलं म्हणायचं. याच थॉर्नब्रिजची ‘जयपूर’ नावाची बिअर इथे पाण्यासारखी खपते. भारतात जहाजाने जायची त्या जातीची, म्हणून ते नाव. “जयपूरला जहाज कुठनं लागलं?” इति दादा.

मी पेल रायडरचा हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, घेतला. दादाने शेवटचा रकाना उघडला.

गोष्ट अशी आहे की पिंपातली बिअर जिवंत असते, तिच्यात यीस्ट असतं. ते खाली बसावं म्हणून पुष्कळ जण पिंपात आयसिंग्लास घालतात. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तसंच, फक्त ही तुरटी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. मासा ग्लासात येत नाही, गाळाबरोबर तळाला राहतो. हे मी दादाला तीन वर्षांपूर्वी सांगितलं आणि तेव्हापासून त्याने माझ्याशी नीट बोलणं सोडलंय. बारमागच्या मुलीने मात्र न हसता नळ एकेक करून बघितले आणि दोन चालतील म्हणाली. आलेली बिअर मुद्दाम न निवळलेली, कृष्णेच्या पुरासारखी.

“अगदी आयर्विन पुलाखालची,” दादा म्हणाला आणि आनंदाने प्यायला लागला.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसले होते. कसली कृष्णा, कुठला पूल, त्यांना सगळं हवं होतं. ते आयुष्यभर रोलिंग मिलमध्ये होते. 2007 च्या जूनमध्ये इथली डॉन नदी या गल्लीत शिरली, तेव्हा पाणी कुठवर चढलं ते त्यांनी उभं राहून आपल्या छातीवर हात ठेवून दाखवलं. दादाने सांगितलं की सांगलीत पूर त्या आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात आणि 2019 ला आकडा सत्तावन्नच्या वर गेला होता. मग दोघांचं काय जमलं! गाळाचा वास किती दिवस जात नाही, फ्रिज आधी की गाद्या आधी. मी नुसती ऐकत होते.

मध्येच आजोबा मला म्हणाले, “काय सांगू लव्ह, तेव्हापासून पाऊस लागला की आमची बायको डुलॅली होते. सारखी खिडकीशी.” (इथले आजोबा अनोळखी बाईलाही लव्ह म्हणतात, आपल्या ‘बाळ’सारखं घ्यायचं.)

“डुलॅली?” दादा सावरून बसला. “ती तर पुण्यातली ब्रूअरी! 2009 ची!”

आता माझी पाळी होती. डुलॅली म्हणजे डोकं फिरलेला, हे इंग्लंडात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो शब्द आपल्या नाशिकशेजारच्या देवळालीचा आहे, हे आजोबांना माहीत नव्हतं. देवळालीत गोऱ्या सैनिकांची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत तिथे अडकून पडायचे. उकाडा, रिकामपण आणि दारू. काहींची डोकी फिरायची. मूळ शब्दप्रयोग ‘डुलॅली टॅप’ असा होता, आणि त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप.

आजोबांनी ग्लास खाली ठेवला. “माझ्या आजोबांच्या तोंडी होतं ते. डुलॅली टॅप. मला वाटायचं डोक्यात टिचकी मारल्यासारखं काहीतरी.” मग जरा थांबून, “म्हणजे स्टेशनवर तो जो पब आहे...”

“शेफील्डचा ताप,” मी म्हटलं.

ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, तुमच्या लिपीत लिहून द्या, बायकोला दाखवतो. दादाने खिशातला कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘देवळाली’ आणि ‘ताप’ लिहिलं, खाली इंग्रजीत उच्चार दिला. आजोबांनी ‘ळ’वर बोट ठेवून विचारलं, हे काय? दादाने तीनदा म्हणून दाखवलं. त्यांना जमलं नाही. कागदाची चार घड्यांची चौकोनी पुडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

तिथून उठायला साडेपाच झाले. मधल्या एका पबमध्ये, नाव नको, व्हिनेगरसारखी आंबलेली बिअर हाती आली. उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपलं नाही की असं होतं. या वेळी दादाने न लाजता ग्लास परत केला. मग भूक लागली म्हणून भाजीचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात तो) खाल्ला, वर हेंडरसन्स रेलिश हा इथला सॉस ओतून. शेफील्डचे लोक ते सगळ्यावर ओततात. बाटलीवरचं वाचून दादा ओरडला, “अगं, यात चिंच आहे! लवंग पण!” आणि मासा नाही. त्याने अर्धी बाटली रिकामी केली. शेवटी केलम आयलंड टॅव्हर्न. 2008 आणि 2009 अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पब ठरलेली जागा, आणि बसायला एक खुर्ची मिळाली नाही. आम्ही उभ्याने प्यायलो.

पुढचा कुठला, हे बघायला दादाने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग कोटाच्या आतल्या.

“अगं, कागद...”

“आजोबांच्या खिशात.”

“सगळा प्लॅन गेला की!”

“जाऊन मागूया?”

तो जरा वेळ विचारात पडला. “नको,” म्हणाला. “ते घरी जाऊन बायकोला दाखवणार असतील.” आणि माझा रिकामा ग्लास घेऊन बारकडे गेला.