गेम झोनच्या काउंटरवरचा डेटा आम्ही असा आवरला

ट्रॅम्पोलिन, बॉलिंगच्या दोन लेन आणि वाढदिवसाचा हॉल, एवढाच आमचा पसारा. तरी ग्राहकांची माहिती कुठे कुठे पडलीय हे शोधायला बसलो तेव्हा सात जागा निघाल्या: बिलिंगचा संगणक, काउंटरचा टॅब, खेळायला सोडण्याआधी भरून घ्यायच्या हमीपत्रांच्या फायली, वाढदिवस बुकिंगची एक्सेल शीट, व्हॉट्सअ‍ॅप, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन. ही यादी पूर्ण होईपर्यंत काहीही पुसू नका. एका जागेवरून काढलेल्या नंबराची नक्कल दुसरीकडे हमखास असते.

सगळ्यात वाईट अवस्था टॅबची होती. लॉकरची किल्ली देताना आधार कार्डाचा फोटो काढून ठेवायची पद्धत पडली होती, आणि टॅबमध्ये काम सोडून गेलेल्या मुलाचं गूगल खातं तसंच चालू होतं. म्हणजे प्रत्येक आधार त्याच्या खात्यात जमा. गॅलरीतून पुसलं की झालं असं वाटतं, पण बॅकअप झालेले फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात. त्याला बोलावून आधी फोटो काढले, ट्रॅश रिकामा केला, मग खातं काढलं आणि शेवटी टॅब रीसेट केला. खातं आधी काढलं असतं तर फोटो त्याच्याकडेच राहिले असते. आता किल्लीसाठी 100 रुपये अनामत घेतो, ओळखपत्र मागतच नाही.

हमीपत्रावर मुलाची जन्मतारीख होती. ती कशाला, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण ट्रॅम्पोलिनवर सोडायचं की नाही हे भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीवर ठरतं. तो रकाना गेला. दमा, जुनं फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया हे प्रश्न ठेवले, पण उत्तरं कागदावरच राहतात. आत उभा असलेला ट्रेनर ती वाचतो, संगणकात चढवत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची, म्हणून कागद तेवढा काळ ठेवून मग श्रेडरमध्ये घालतो. मूल पडलं, लागलं असेल तर त्याचा कागद वेगळ्या फायलीत, प्रकरण मिटेपर्यंत. बिलासाठी फोन नंबर सक्तीचा नाही. 50,000 रुपयांच्या आतल्या साध्या ग्राहकाच्या बिलावर नाव-पत्ताही लागत नाही.

जाहिरातीच्या मेसेजसाठी वेगळा, रिकामा चौकोन ठेवला. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्यामुळे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करता येत नाहीत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिने दिलेत. हा वेळ जुना कचरा काढण्यात घालवा. आमच्यासारख्या जागेत येणारी बहुतेक माणसं लहान मुलंच असतात, हे कधीही विसरू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाढदिवस ऑफर’ नावाचा ग्रुप होता. ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. तो मोडला, ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मेसेज कमी जातात, आणि ते योग्यच आहे.

डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच होता, तो बदलला. आठ कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) धरले तर दिवसाला सुमारे 173 जीबी होतात, म्हणजे 2 टीबीच्या डिस्कवर 11 दिवसांचं चित्रण मावतं, मग जुन्यावर नवं चढतं. मागितलेलं चित्रण पेन ड्राइव्हवर कुणालाही देत नाही. पोलिसांचं लेखी पत्र आलं तर देतो आणि नोंद ठेवतो. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराकडे वळलेला एक कॅमेरा त्याच दिवशी काढून टाकला.

‘माझा नंबर काढा’ असा फोन आला की काउंटरवरच्या वहीत तारीख लिहितो, त्याच नंबरवरून मेसेज मागवून खात्री करतो आणि सातही जागा एकेक करून टिक करतो. पहिल्यांदा याला चाळीस मिनिटं लागली होती. एक्सेल शीटच्या तीन प्रती निघाल्या, त्यातली एक पार्टीचा केक देणाऱ्याला पाठवलेली होती. आता केकवाल्याला फक्त नाव, चव आणि वेळ कळवतो.