आजीची वही

आजी गेली त्या दिवशी मृत्युनोंदणीचा अर्ज भरता भरता थोरले काका जन्मतारखेच्या रकान्यापाशी अडले. 8 मुले आणि 23 नातवंडे असलेल्या त्या घरात प्रत्येकाला स्वतःची जन्मवेळसुद्धा तोंडपाठ होती, कारण ती आजीनेच घोकून घेतली होती. तिची जन्मतारीख मात्र एकालाही सांगता येईना. कुठे काही लिहिलेले सापडेल या आशेने अखेर तिच्या कपाटातली वही बाहेर काढली.

वही जाड पुठ्ठ्याची, उसवलेली शिवण पुन्हा दोऱ्याने घातलेली. माणशी एक पान. त्यावर जन्म, गोवर-कांजिण्या, टोचलेल्या लसी, चपलेचे माप आणि वेगवेगळ्या शायांनी भर पडत गेलेल्या बारीकसारीक नोंदी. मोठ्या भावंडांच्या पानांवर ‘देवी टोचल्या’ असे आहे. 1980 साली जगातून देवीचा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर जन्मलेल्या आम्हा धाकट्यांच्या पानांवर ती ओळच नाही. माझ्या पानावर गोवराच्या खाली लिहिले आहे : ‘अंधाराला भितो. विचारल्यास नाही म्हणतो.’ मधल्या खोलीतला दिवा रात्रभर जळायचा, तो आजीला रात्री उठावे लागते म्हणून, अशी माझी कालपरवापर्यंत समजूत होती.

आजी प्रेमळ होती, असे सरळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने कोणाला जवळ घेतलेले मला आठवत नाही, आणि तिचे बोलणे तर असे की ऐकणाऱ्याने दोन दिवस धुमसावे. वाटणीही ती समान करत नसे. ज्याचे त्या वर्षी काही बिनसले असेल त्याला झुकते माप मिळे आणि बाकीच्यांना त्याचे कारण कळत नसे. आम्ही तिला पक्षपाती म्हणायचो. वही वाचताना त्यातली बरीच कारणे तारीखवार सापडली.

सुनांचीही पाने होती, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. दुपारी कामे आटोपली की आजी लेकींना आणि इतर सुनांना हाक मारून बोलत बसे; आईला तिने कधी बोलावले नाही, आणि ही सल आईने 30 वर्षे मनात जपली होती. आईच्या पानावर लग्नाच्या तारखेखाली त्याच शाईत दोन ओळी होत्या : ‘दुपारी डोके दुखते, सांगत नाही. पडू द्यावे, हाक मारू नये.’

आईने ते पान दोनदा वाचले. मग चष्मा काढून ती म्हणाली, “ते दुखणं तर तुझ्या जन्मानंतर थांबलं होतं. एकदा विचारायचं तरी.” थोडा वेळ गेल्यावर, वहीकडे न बघता, “मीही कुठे सांगितलं म्हणा.”