'ळ' कुठं गेला

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग, शेवटचा दिवस, स्टेजवर आमच्याच गावचा चार पोरांचा रॉक बँड आणि समोर पटांगण भरून पब्लिक. मी साऊंडला होतो, म्हणजे पटांगणाच्या मध्यात ताडपत्रीखाली मिक्सर घेऊन. शेवटचं गाणं सुरू झालं, दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तसा गायकानं माईक पोरांकडं केला आणि सगळी पोरं एका दमात ओरडली, "घरभर गार! घरभर गार!"

शब्द 'गार' नाही. शब्द 'गाळ' आहे.

त्याचा माईक धरलेला हात तसाच पुढं राहिला. पोरं खुश होती, थंडीचे दिवस होते, कुणीतरी जॅकेट फिरवत होतं, ड्रमर जोरात होता, आणि तो मात्र पुढची ओळ गायलाच विसरला. दोन ओळी नुसतं गिटार वाजलं. मग त्यानं गाणं उचललं आणि संपवलं, पण खाली आल्यावर माझ्याशी बोलला नाही, केबल गुंडाळत बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, आईला काय सांगू मी? गार काय गार?"

हे गाणं कशावरचं आहे ते सांगितल्याशिवाय त्याचं तोंड का पडलं ते कळणार नाही. त्याचं घर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, घरचा धंदा मूर्तींचा. ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि त्या वेळी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस बंद. त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे पूर आला तेव्हा घराघरात मूर्ती जवळजवळ तयार, काहींचं तर रंगकामही झालेलं. जमतील तेवढ्या वर नेल्या, बाकीच्या खालीच राहिल्या. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणूनच केलेली असते, ती विरघळली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर जे साचलं होतं त्यात नदीचा गाळ किती आणि आपल्या गणपतींचा शाडू किती हे त्यांना वेगळं करता येत नव्हतं, दोन्ही एकाच फावड्यानं बाहेर काढलं. हे त्यानं मला गाणं रेकॉर्ड करताना सांगितलं, अगदी सहज, चहा पिता पिता. गाण्यात गणपतीचं नाव नाही, पुराचं नाव नाही, फक्त घरातल्या एकेका वस्तूचं नाव येतं आणि प्रत्येक कडव्याशेवटी 'घरभर गाळ'. म्हणजे ह्या गाण्यात तो एक शब्द गेला तर बाकी काही शिल्लकच राहत नाही.

आणि तो शब्द माझ्या हातून गेला होता. कारण गॅदरिंगच्या दोन महिने आधी त्यांनी हे गाणं माझ्याच रफ मिक्समध्ये, म्हणजे आवाजांचा मेळ नीट बसवायच्या आधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, नेटवर सोडलं होतं, पोरांनी त्यावर रील केल्या होत्या, पोरं ऐकून ऐकून पाठ करून आली होती. त्यांनी जे ऐकलं तेच ते ओरडले.

माझा धंदा म्हणाल तर वर्षातले दहा महिने मी ऑर्केस्ट्रा, भजन, हळदी-लग्न, मंडळाचे कार्यक्रम असलंच साऊंड करतो. आमच्याकडं कुठल्याही मोठ्या साऊंडला डॉल्बी म्हणतात आणि मला डॉल्बीवाला, ते असू दे. राजारामपुरीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटा स्टुडिओ केलाय, भिंतींना रॉकवूलचे (आवाज शोषणारी दगडी लोकर) जाड पॅनल, दाराला डबल फळी. (अंड्याचे ट्रे लावून खोलीतला घुमार आवरत नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नका, पैसे रॉकवूलमध्ये घाला.) तिथं भावगीतं, आरत्या, शाळांची समूहगीतं रेकॉर्ड होतात. रॉक अल्बम हा पहिलाच आणि तोही मराठी. मुंबईत एकेकाळी रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव व्हायचा तेव्हा स्टेजवरची बहुतेक गाणी इंग्रजीत असायची, त्या आवाजाचा साचा इंग्रजी शब्दांवर बसलेला आहे, आणि त्याच साच्यात आपला शब्द ओतला की कुठं काय सांडतं हे मला ह्या गाण्यानं शिकवलं.

ड्रम माझ्या खोलीत बसत नव्हते, म्हणजे बसले असते पण छत खाली असल्यामुळं झांजांचा आवाज कोंडल्यासारखा येत होता. गिटारवाला शिरोली एमआयडीसीत नोकरीला, त्याच्या ओळखीनं एक रिकामं गोडाऊन सुट्टीच्या दिवसांपुरतं मिळालं. उंच पत्रा, खाली कोबा, नुसती टाळी वाजवली तरी आवाज फिरून यायचा, मग गाद्या आणि जुनी सतरंजी टाकून तो आवरला. आठ माईक एवढीच माझी मशीनची ऐपत, त्यातले सहा ड्रमला. डोक्यावरचे दोन माईक स्नेअरपासून (ड्रमरच्या पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) बरोबर सारख्या अंतरावर हवेत, कारण आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो आणि एक माईक पुढं-मागं झाला तर स्नेअर पोकळ वाटायला लागतो. मी सुतळीनं मोजून लावले. पलीकडच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशीही एक प्रेस मशीन चालू होतं, त्याचा धपका जमिनीतून किकच्या (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) माईकमध्ये यायचा, म्हणून आम्ही त्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीत आणि मग थेट संध्याकाळी पाचनंतर वाजवलं. तरी नऊ गाण्यांचे ड्रम दोन दिवसात झाले, ड्रमर शाळेत पीटी शिकवतो आणि त्याचा दम खरंच बघण्यासारखा आहे.

गॅदरिंगच्या रात्री घरी गेलोच नाही. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद हा २००० सालापासूनचा नियम, त्यामुळं कार्यक्रम पावणेदहाला संपला होता, सामान टेम्पोत टाकलं आणि साडेअकराला आम्ही पाचही जण स्टुडिओत. कोण कुणाशी बोलत नव्हतं. मी फाईल उघडली आणि ध्रुवपद लावलं, आणि खरं सांगतो, मला त्यात स्पष्ट 'गाळ' ऐकू आलं. चौघांनाही. कारण आम्हाला शब्द माहीत होता, आमचं डोकं तो भरून घेत होतं. मग खालच्या मजल्यावरच्या वॉचमन काकांना वर बोलावलं, त्यांनी गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. एकदा लावलं. म्हटलं, काका काय म्हणतोय तो? काका म्हणाले, "घरभर गार म्हणतोय की. एसीची जाहिरात हाय का?" गायक उठून गॅलरीत गेला.

आता कारण शोधायचं. सगळ्यांचा पहिला संशय गिटारवर, माझाही. फाटलेला गिटारचा आवाज माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरून बसतो, शब्द खातो, हे कुठलाही साऊंडवाला सांगेल. गिटार दोन्ही कडेला सरकवलं, मधला पट्टा कापला. काकांना परत ऐकवलं, परत गार. गिटार पूर्ण बंद केलं. तरी गार! बेस बंद केला, गार. मग एकटा आवाज लावला, नुसता, तेव्हा काका म्हणाले, "हां, गाळ म्हणतोय." म्हणजे राहिले ड्रम.

मी ती ओळ दहा-बारा वेळा हळू करून बघितली तेव्हा सापडलं. 'घरभर गा' हे एका मापात, म्हणजे ठोक्यांच्या एका फेरीत, गायलं जातं, 'गा' लांब ओढला जातो आणि 'ळ' पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्यावर मिटतो, आणि बरोबर त्याच ठोक्यावर ड्रमर क्रॅशवर मारतो. क्रॅश म्हणजे मोठी झांज, तिचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळीकडं पसरतो आणि पहिल्या अर्ध्या सेकंदात तिच्यापुढं काही टिकत नाही. 'स' असता तर वरच्या धारेनं थोडा तरी निसटला असता, 'ट' असता तर ठोक्याआधीची टिचकी ऐकू आली असती. 'ळ' मऊ आहे, जीभ मागं वळून टाळूला लागते आणि सुटते, त्याला धार नाही. तो झांजेखाली पूर्ण गाडला गेला. ऐकणाऱ्याला मिळालं फक्त 'घर, भर, गा', आणि एकदा 'घर' आणि 'भर' ऐकलं की कान तिसऱ्याला आपोआप 'र' लावतो. यमक आपणच पुरं करतो. दीड-दोन हजार कानांनी ते सारखंच पुरं केलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी जरा भीत भीत बोललो. गायकानं स्वर धरून ठेवण्यासाठी सगळा दम 'आ' वर लावला होता आणि 'ळ'ला शेवटी जीभ नुसती टेकवली होती. गाणं शिकलेली माणसं तशीच गातात, स्वर तोलायला सोपा जातो. मी त्याला म्हटलं, घरात फावडं हातात असताना तू हा शब्द कसा बोलला असशील? तो बोलला. जड, 'ळ'वर थांबून, तोंडात चिखल असल्यासारखा. सगळे गप्प झाले. पहाटेचे अडीच वाजले असतील.

पण नुसतं गायकाचा आवाज परत रेकॉर्ड करून भागणार नव्हतं. क्रॅश कापून टाकता येत नाही, कारण ती फक्त तिच्या माईकमध्ये नसते, डोक्यावरच्या दोन्ही माईकमध्ये असते, स्नेअरच्या, टॉमच्या (बाकीचे गोल ड्रम), सगळ्यात झिरपलेली असते. कॉम्प्युटरवर खरवडून बघितलं तर सगळे ड्रमच पाण्याखाली गेल्यासारखे वाटायला लागले. परत वाजवायलाच हवं. आणि ड्रमर अडला. त्याचं म्हणणं, ध्रुवपदाच्या पहिल्या ठोक्याला क्रॅश नसेल तर गाणं बसल्यासारखं वाटतं, पब्लिक उडायचं थांबतं, रॉकमध्ये तिथं क्रॅश असतेच. तो चुकीचं बोलत नव्हता. बेसवाला, जो एरवी दिवसभरात चार शब्द बोलतो (पतसंस्थेत कॅशियर आहे), तो म्हणाला, "गाळ उपसताना झांज वाजते का रे?" ड्रमर काही बोलला नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला की गोडाऊन कधी मिळतंय बघ.

गोडाऊन मिळायला जानेवारी उजाडला. त्यानं पहिल्या ठोक्यावर क्रॅशच्या ऐवजी फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा असलेला मोठा टॉम) आणि किक एकत्र घेतलं, दोन्हीची कातडी जरा सैल करून, आणि क्रॅश चौथ्या ओळीनंतर, जिथं शब्द संपलेले असतात तिथं ठेवली. तिसऱ्याच टेकला माझ्या अंगावर काटा आला. तो धप्प असा ठोका खरंच फावडं टाकल्यासारखा लागत होता, आणि त्याच्यावर 'ळ'ला पूर्ण जागा मोकळी. आवाज आम्ही त्याच संध्याकाळी तिथंच, गोडाऊनमध्येच घेतला, स्टुडिओत परत गेलोच नाही. हेडफोनमध्ये ड्रम लावले आणि तो उभा राहून गायला, त्या उंच पत्र्याचा थोडा घुमार आलाय त्यात, तो मी राहू दिला. क्लिकही (कानात लय देणारी टिकटिक) बंद ठेवली होती, शेवटचं कडवं जरासं मंदावलंय, मला ते बरोबर वाटतं. घरी जाताना वॉचमन काकांना गेटवरच हेडफोन लावला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, हेडफोन काढून हातात दिला आणि म्हणाले, "आमच्याकडं आंबेवाडीत बी असंच झालतं."

फेब्रुवारीत दुसरा शो होता. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला आगीत गेल्यापासून चांगल्या आवाजाची जागा शोधत फिरायचं आमच्या नशिबी आलं होतं, आणि त्या नाट्यगृहाची आठवण काढल्याशिवाय इथला कुठलाही साऊंडवाला राहू शकत नाही, असो. शेवटी एक मंगल कार्यालय मिळालं, शे-दीडशे माणसं, निम्मे घरचेच. गायकाची आई मागच्या रांगेत. शेवटच्या गाण्याआधी तो माईकवर फक्त एवढंच म्हणाला, "भावांनो, गार नाही. गाळ. कुंभार गल्लीतला." कुणी हसलं नाही. ड्रमरनं काठ्या वाजवून चार मोजले.

दुसऱ्या ध्रुवपदाला त्यानं माईक पब्लिककडं केला तेव्हा मी त्याच्या माईकचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली घेतला आणि स्टेजच्या कडेला लावलेले दोन माईक रेकॉर्डिंगला वर घेतले. मागच्या रांगांतून आवाज आधी आला, बायकांचा जास्त, अजिबात सुरात नाही, आणि त्यातला 'ळ' एवढा जाड होता की हेडफोनमध्ये वेगळा ऐकू येत होता. ते वीस सेकंद अल्बममध्ये गाण्याच्या शेवटी ठेवलेत. नीट ऐकलं तर पुढच्या रांगेतल्या एका पोराचा 'गार' त्यात अजून आहे, तो काढला नाही.