कुणीतरी असेल

खण आवरायला बसलं की आवरणं सोडून बाकी सगळं होतं. काल दुपारी तेच झालं. वायरींचा गुंता, मेलेले सेल, कुठल्या तरी कुलपांच्या चार किल्ल्या आणि तळाशी कॅसेटची एक डबी. आत कॅसेट नाही, नुसतं घडी घातलेलं कार्ड. त्यावर दादाचं तिरकं अक्षर. निळ्या बॉलपेनने ‘साईड ए’, खाली दुहेरी रेघ, मग गाण्यांची नावं आणि सगळ्यात शेवटी: ‘स्टेअरवे (अर्धं)’.

ते ‘अर्धं’ वाचलं आणि खण तसाच उघडा ठेवून मी फरशीवर बसून राहिलो.

साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस. दादाला कुणीतरी एका रात्रीच्या बोलीवर लेड झेपलिन ह्या इंग्लिश रॉक बँडचा चौथा अल्बम दिला होता आणि दादाच्या कॅसेटवर आधीच दोन भलतीच गाणी येऊन बसली होती. त्यामुळे आठ मिनिटांचं ‘स्टेअरवे टू हेवन’ जेमतेम सहा मिनिटं मावलं. जिमी पेजचा सोलो, म्हणजे गिटारचा एकट्याचा तुकडा, सुरू व्हायचा, सूर जरा वर चढायला लागायचे आणि खट्. बटण वर.

माझ्या लेखी कित्येक वर्षं ते गाणं एवढंच होतं. गिटार आणि बासऱ्यांनी सुरू होणारं, सावकाश चढत जाणारं आणि ऐन रंगात खट्. पुढे केव्हातरी ते अख्खं ऐकलं तेव्हा शेवटची दोन मिनिटं मागाहून कुणी जोडलीत की काय असं वाटलं. अजूनही वाटतं. जग ज्या सोलोवर जीव ओवाळून टाकतं, तिथे मी त्या खट्‌ची वाट बघत असतो. हे चारचौघांत सांगायची सोय नाही.

रात्री दिवा मालवला की दादा परीक्षा घ्यायचा.

“बोल. गिटार?”

“जिमी पेज.”

“गाणारा?”

“रॉबर्ट प्लँट.”

“ड्रम?”

“जॉन बॉनहॅम.”

“बेस?”

इथे माझी गाडी अडायची. ज्याचं नाव आठवत नाही तो बेसवाला, अशी मी मनातल्या मनात व्याख्याच करून टाकली होती. मग अंधारातून टपली यायची. बरोबर डोक्यावर कशी बसायची देव जाणे. “जॉन पॉल जोन्स. त्या सुरुवातीच्या बासऱ्याही त्याच्याच. विसरलास तर उद्या कॅसेट मिळणार नाही.” तेव्हापासून जोन्स माझ्या डोक्यात पक्का बसला, अक्षरशः मार खाऊन. आजही कुठल्याही बँडचा फोटो पाहिला की माझी नजर आधी कडेला उभ्या असलेल्या माणसावर जाते. मधला गाणारा सगळ्यांनाच दिसतो. त्याला माझी काय गरज?

अशाच एका परीक्षेच्या रात्री मी उलट प्रश्न विचारला. त्याच बाजूला ‘रॉक अँड रोल’ होतं. बॉनहॅम दार फोडून आत आल्यासारखा सुरू होतो, ते. त्या दंग्यात पुढे मागे कुठेतरी एक पियानो टिणटिणत असतो. एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

“दादा, हा पियानो कोण वाजवतंय?”

“जोन्स असेल.”

“पण मागे बेस चालूच आहे ना?”

बराच वेळ काही उत्तर नाही. दादाला न येणारा प्रश्न विचारल्याचा आनंद मी पांघरुणात तोंड घालून उपभोगत होतो.

“कुणीतरी असेल. झोप आता.”

हा ‘कुणीतरी’ पुढे फार वर्षं माझ्या डोक्यात राहिला. त्याचं नाव इयन स्ट्युअर्ट. ओळखीचे सगळे त्याला स्टू म्हणत.

स्टूची गोष्ट आमच्या जातीच्या लोकांना पाठ असते, तरी सांगतो, कारण मला सांगायला आवडते. १९६२ साली ब्रायन जोन्सने बँडसाठी माणसं हवीत म्हणून जाहिरात दिली. ती वाचून जे आले त्यांत पहिल्यांतला हा. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स ही मंडळी नंतर आली. थोडक्यात, रोलिंग स्टोन्स हा बँड उभा राहिला तेव्हा पियानोपाशी स्टू होताच. १९६३ मध्ये त्यांना नवा मॅनेजर मिळाला आणि त्याने सांगितलं की सहा माणसं जास्त होतात, आणि हा थोराड जबड्याचा गडी पोरींच्या आवडत्या फोटोत शोभत नाही. फोटोतून काढला. स्टेजवर बँडचा सभासद म्हणून उभं राहायचं नाही. रेकॉर्डिंगला ये, पियानो वाजव आणि गाडी चालव.

आता आपण काय केलं असतं? मी तर तोंडसुद्धा पाहिलं नसतं कुणाचं. स्टूने गाडी चालवली. सामान चढवलं, उतरवलं, वाद्यं लावली आणि मनात आलं की पियानोवर बसला. हे एकदोन वर्षं चाललं नाही, १९८५ पर्यंत चाललं. बावीस वर्षं! ज्या पोरांनी त्याला फोटोतून काढू दिलं, त्यांनाच तो वेळेवर स्टेजवर हाकलत राहिला.

आणि त्याची एक खोड होती, त्या खोडीवर मी फिदा आहे. मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे ते उदास छटेचे गट, वाजवायचे नाहीत. त्याला ते आवडतच नसत. गाण्यात मायनर कॉर्ड आला की स्टूचे हात वर. १९६९ च्या डिसेंबरात अलाबामात ‘वाइल्ड हॉर्सेस’ रेकॉर्ड होत होतं. गाणं मायनर कॉर्डांनी भरलेलं. स्टूने अंग काढून घेतलं, तेव्हा तिथेच असलेल्या जिम डिकिन्सनने पियानो वाजवला. बँडमधून काढलं तेव्हा एका शब्दाने न भांडणारा माणूस कॉर्डसाठी मात्र हटून बसतो. ह्याला म्हणतात स्वाभिमान कुठे ठेवायचा ते कळणं. किंवा नुसताच हट्ट असेल. मला दोन्ही चालतं.

झेपलिनकडे तो कसा पोचला? १९७१ मध्ये झेपलिनवाले हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, गारठलेल्या घरात रेकॉर्डिंग करत होते आणि त्यासाठी स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक मागवला होता. ट्रकबरोबर स्टू. दुसरंच एक गाणं जमत नव्हतं म्हणून बॉनहॅमने वैतागून भलताच ठेका धरला, पेज त्यात घुसला आणि बघता बघता ‘रॉक अँड रोल’ तयार झालं. स्टू तिथे होता. पियानोही होता. कॉर्ड सगळे मेजर असणार, त्याशिवाय बसलाच नसता.

त्याच अल्बमच्या वेष्टणावर बँडचं नाव नाही. चौघांनी आपापली एकेक खूण घेतली होती, तेवढ्याच छापल्या. पण नीट बघणाऱ्याला पाचवी खूणही सापडते, तीन इवल्या त्रिकोणांची. ती गायिका सँडी डेनीची. एका गाण्यात ती प्लँटबरोबर गायली, म्हणून तिलाही खूण मिळाली. ही पाचवी खूण ठाऊक असलेला माणूस भेटला की मी त्याला लगेच जवळचा मानतो. मग बाकीच्या बाबतीत तो कसाही असो.

वेड असतं एकेक. ‘फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला बरं का!’ हे वाक्य मला आजवर इतक्या लोकांनी ऐकवलंय की आता कुणी ‘फ्रेडी’ म्हणालं की मीच ‘पाचगणी’ म्हणून मोकळा होतो. पण त्याच शाळेतल्या पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता आणि त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता, आपला फ्रेडी मागे पियानोवर बसायचा, हे कुणी सांगत नाही. मला मात्र ‘क्वीन’ ह्या त्याच्या पुढच्या बँडमधलं तेवढंच एक रहस्य वाटतं: पियानोवरचा मुलगा पुढे कसा आला?

‘क्वीन’मधला माझा माणूस अर्थातच जॉन डीकन. बेस. सगळ्यांत शेवटी आला, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गप्प. १९७३ च्या पहिल्या अल्बमवर त्याचं नाव ‘डीकन जॉन’ असं उलटं छापलं होतं. त्याला ते आवडलं नाही, पुढच्या खेपेला सुलट झालं. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. एकदा रस्त्यावरच्या कचऱ्यात कुणीतरी टाकलेलं एक सर्किट त्याला दिसलं. ते उचलून त्याने एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि छोटा ॲम्प्लिफायर केला. त्याला ना बटण ना खटका. बॅटरी जोडली की सुरू, काढली की बंद. त्या खोक्यातून ब्रायन मे आपली गिटार वाजवायचा, आणि गिटारही कसली, वडिलांबरोबर घरी केलेली, शेकोटीवरच्या फळीचं लाकूड वापरून. ‘क्वीन’च्या काही गाण्यांत गिटारींचा जो अख्खा वाद्यवृंद ऐकू येतो, तो कचऱ्यातून उचललेल्या ह्या खोक्यातून आलेला आहे. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. डीकनने १९९७ मध्ये एक शेवटचं काम केलं आणि घरी जाऊन बसला. मुलाखत नाही, स्टेज नाही. बाकीचे दोघे अजून गातात, वाजवतात, छानच करतात. हा येत नाही.

पिंक फ्लॉईड ह्या बँडमध्ये पिंक कोण, हा प्रश्न मी दादाला फार लहानपणी विचारला होता आणि त्याबद्दलही टपली खाल्ली होती. पुढे कळलं की रेकॉर्ड कंपन्यांची माणसंही त्यांना हेच विचारत, आणि १९७५ च्या अल्बममध्ये त्यांनी ह्या प्रश्नाची रीतसर टिंगल केली आहे. गंमत म्हणजे ते गाणं गायलाय रॉय हार्पर, जो बँडमधला नव्हेच. टपली फुकट गेली. (पिंक आणि फ्लॉईड ही दोन ब्लूज गायकांची नावं, पिंक अँडरसन आणि फ्लॉईड काउन्सिल. बँडमधल्या सिड बॅरेटने जोडून टाकली. सिडबद्दल इथे लिहीत नाही, आज तेवढी ताकद नाही.)

क्लेअर टॉरीचं मात्र लिहायलाच हवं. १९७३ चा जानेवारी, रविवार, ॲबी रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉईडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’साठी रिचर्ड राइटचा पियानो तयार, त्यावर बाईचा आवाज हवा, शब्द मात्र नाहीत. तिला सांगितलं की मरणाचा विचार कर आणि गा. ती गायली. दोन-तीनदा गायली आणि आपलं काहीतरी चुकलंय ह्या समजुतीने माफी मागत बाहेर आली. तीस पौंड घेऊन घरी गेली. रविवार म्हणून दुप्पट, बरं का! आपला आवाज घेतला की फेकून दिला हेही तिला ठाऊक नव्हतं. अल्बम दुकानात आल्यावर वेष्टणावर नाव दिसलं तेव्हा कळलं. एकतीस वर्षांनी ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि त्यानंतर त्या गाण्याच्या संगीतकारांत राइटच्या शेजारी तिचं नाव लागलं. अब्जावधी वेळा वाजलेला तो आवाज म्हणजे इतकी वर्षं आमच्या दादाच्या भाषेत ‘कुणीतरी असेल’.

आणि स्कॉट हॅल्पिन. हा तर आमच्यातलाच. २० नोव्हेंबर १९७३ ला कॅलिफोर्नियातल्या काऊ पॅलेसमध्ये ‘द हू’ ह्या बँडचा कार्यक्रम चालू असताना त्यांचा ड्रमर कीथ मून ड्रमवर आडवा झाला. उठवला, पुन्हा वाजवायला लागला, पुन्हा आडवा. तेव्हा बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड, त्याने समोरच्या गर्दीलाच विचारलं, ड्रम वाजवता येणारं कुणी आहे का, म्हणजे बऱ्यापैकी येणारं. एकोणीस वर्षांचा हॅल्पिन पुढेच उभा होता, आणि त्याचा मित्र ओरडून ओरडून सांगत होता की ह्याला येतं. खरं तर वर्षभरात त्याने काड्या हातात धरल्या नव्हत्या. चढवला वर. घोटभर ब्रँडी पाजली आणि बसवला. तीन गाणी वाजवली त्याने. नंतर बक्षीस म्हणून एक जॅकेट मिळालं, ते त्याच रात्री चोरीला गेलं.

मला त्या हॅल्पिनपेक्षा तो मित्र जास्त आवडतो. त्याच्यावर कुणी लेख लिहिला पाहिजे.

स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स, त्याच्यावर खरं तर वेगळंच लिहायचंय. १९६७ पासून तो ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचं चित्र काढून ठेवत असे. एवढं बोलून थांबतो.

तर ते ‘अर्धं’. ‘स्टेअरवे’मध्ये बॉनहॅम सव्वाचार मिनिटं वाजवतच नाही. मी लहानपणी ते ऐकताना त्याची काळजी करायचो. मांडीवर काड्या घेऊन बसला असेल, कंटाळला असेल, आपली वेळ चुकेल म्हणून धास्तावला असेल. मग तो येई, आणि माझ्या कॅसेटवर त्याच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा यायची नाहीत. खट्. सप्टेंबर १९८० मध्ये तो गेला, बत्तीस वर्षांचा. डिसेंबरच्या ४ तारखेला उरलेल्या तिघांनी कळवलं की आता आम्ही पुढे जाऊ शकत नाही. मून गेल्यावर ‘द हू’ने दुसरा ड्रमर घेतला, त्यांनाही मी नावं ठेवत नाही. पण हे तिघे थांबले. पुढे २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते पूर्ण मैफलीला उभे राहिले तेव्हा ड्रमवर बॉनहॅमचा मुलगा होता. वडील गेले तेव्हा चौदा वर्षांचा असलेला.

संध्याकाळी न राहवून दादाला फोन लावला.

“दादा, ‘रॉक अँड रोल’मधला तो पियानो. तू म्हणाला होतास ना, कुणीतरी असेल. इयन स्ट्युअर्ट होता तो. स्टोन्सचा.”

“कुठला पियानो?”

“अरे, कॅसेट. साईड ए. तू परीक्षा घ्यायचास. टपल्या मारायचास.”

“मी?” तो हसला. “मी कशाला टपल्या मारू?”

“बरं, बेसवर कोण होतं सांग.”

पलीकडे शांतता. मला ती शांतता चांगली ओळखीची होती. मी तिच्यात किती रात्री पडून होतो. हात नकळत वर गेला होता, तो मी खाली घेतला.

“जाऊ दे,” दादा म्हणाला. “त्या खणात माझ्या जुन्या सुटकेसची किल्ली आहे का बघ जरा.”

चार किल्ल्या आहेत. त्यातलीच कुठलीतरी असेल.