बेसिनच्या पाइपात पांढरं सिमेंट

धायरीतल्या एका सोसायटीतून काकूंचा फोन आला: बेसिन तुंबलंय, पावडर टाकली तरी पाणी हलत नाही. पोहोचलो तर बेसिन निम्मं भरलेलं, आणि काकूंच्या हातात संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली. आता ती ओतणार होत्या.

मी आधी ती बाटली खाली ठेवायला लावली. ड्रेनच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. त्यावर अ‍ॅसिड पडलं की पाणी एकदम तापून तोंडावर उसळतं. बेसिनवर वाकलेल्या माणसाचे डोळे जायला तेवढं पुरतं. पावडरीऐवजी ब्लीच टाकलेलं असेल आणि नंतर अ‍ॅसिड, तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमला खिडकी लहानच असते. म्हणून कुठल्याही घरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आतापर्यंत काय काय ओतलंय? लोक सांगायला संकोचतात, पण मला ते कळणं गरजेचं असतं.

रबरी हातमोजे घातले, मगाने पाणी काढून बादलीत भरलं, मग बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीसारखं पाणी धरून ठेवणारं भांडं, सोडवला. त्यात केस आणि साबणाचा राखाडी चिकटा निघाला. या भागात बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की न विरघळणारा साका बनतो आणि केसांना धरून बसतो. पण हा चिकटा थोडाच होता, एवढ्याने बेसिन तुंबत नाही. ट्रॅप धुऊन बसवला, तरी पाणी तिथंच.

मग नहाणीत बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ते सरसर गेलं. म्हणजे नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) पुढची लाइन मोकळी, अडथळा बेसिन आणि नहाणी यांच्यामध्येच. ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बुजवून पंप मारला. (ते बुजवलं नाही तर सगळा जोर तिथून निघून जातो.) काही उपयोग नाही.

आता स्प्रिंग, म्हणजे पाइपात सरकवून फिरवायची लांब लवचीक तार. केसांचा गोळा असेल तर स्प्रिंग त्यात अडकते आणि हातात उलटा पीळ येतो. चरबी असेल तर हळूहळू आत शिरते. इथं मात्र टक्क असा आवाज. नहाणीची जाळी काढून स्प्रिंग उलट बाजूनेही घातली, पुन्हा टक्क. दोन्हीकडून गेलेली स्प्रिंग मोजली तर जागा एकच निघाली: भिंतीतला पाइप फरशीखाली वळतो तो एल्बो.

काकूंना विचारलं, इतक्यात काही काम केलंय का? म्हणाल्या, "दिवाळीआधी टाइल्स बदलल्या, दादा." मग उलगडलं. टाइलच्या फटी भरल्यावर कारागिराने पांढऱ्या सिमेंटचे हात आणि डबा बेसिनमध्ये धुतला असणार. सिमेंट पाण्यातही घट्ट होतं, वाहून जातं हा लोकांचा समज चुकीचा आहे. ते वळणावर बसलं, आणि पुढे रोजचे केस त्या खडबडीत थराला अडकत गेले. पावडर केस आणि चरबीवर चालते, सिमेंटवर नाही.

ठोकून फोडायचा मोह होतो, पण पीव्हीसीला फरशीखाली तडा गेला तर ओल खालच्या घराच्या छताला दिसते. काकूंना नवी टाइल फोडायची म्हटल्यावर फार वाईट वाटलं. मलाही वाटलं. सुदैवाने त्यांनी उरलेल्या टाइल्स जपून ठेवल्या होत्या.

एकच टाइल काढली आणि एल्बो कापून बाहेर घेतला. आत पांढरा दगड, मधे पेन्सिलीएवढी वाट, तीही केसांनी गच्च. नव्या जोडणीत नव्वद अंशांचा एल्बो न घालता पंचेचाळीसचे दोन लावले, म्हणजे पुढे कधी गरज पडलीच तर स्प्रिंग सहज वळेल. पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळू दिलं, बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं. बारीक धारेने परीक्षा होत नाही, पाइप पूर्ण भरून वाहायला हवा. जोडांखाली कोरडा कागद फिरवला. तो कोरडाच निघाला. मग वॉटरप्रूफिंग करून टाइल बसवली.

त्याच जिन्यात वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना तो कापलेला एल्बो दाखवला. त्यांनी हात धुवायला वेगळी बादली ठेवली, आणि तळाशी बसलेलं सिमेंट राडारोड्याच्या गोणीत टाकायचं ठरवलं.