ना उलटी, ना पोट

आज गरोदरपणाचे चौदा आठवडे आणि पाच दिवस. चौथा महिना लागला की आराम पडतो असं सगळ्याच बायका सांगत होत्या, उलट्या थांबतात, अंगात जीव येतो वगैरे, आणि खरंच थांबल्या हो, पण त्या थांबल्यावर माझी झोप उडेल हे मात्र एकीनेही सांगितलं नाही.

पहिले तीन महिने सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकला की मी सरळ बाथरूममध्ये. ताज्या पावाच्या वासाने माणसं वेडी होतात म्हणे, माझं पोट ढवळून निघायचं. बिचाऱ्या सासूबाई उंडे घेऊन मागच्या पडवीत जायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून खायच्या. त्यात हा काजूचा सीझन, डिचोलीत आमच्या घरामागे थोड्या अंतरावर काजूची दारू गाळायची भाटी आहे, बोंडूंचा तो आंबूस वास दुपारभर खिडकीतून आत. नवरा हुर्राकाचं, त्या काजूच्या दारूचं, नाव काढायला घाबरत होता.

मग परवाच्या सोमवारी पोंपों ऐकू आला आणि मला भूक लागली. म्हणजे साधीसुधी नाही, मी गाऊनवरच गेटपर्यंत गेले, चार उंडे घेतले, त्यातले तीन पातळभाजीत बुडवून एकटीने संपवले आणि सासूबाई समोर उभ्या राहून बघतच राहिल्या. "खा गो बाय, खा," एवढंच म्हणाल्या, डोळे पुसल्यासारखे केले.

आणि त्याच रात्री दोन वाजता मी मोबाईल घेऊन बसले. मळमळ अचानक का थांबते. वाचू नये ते सगळं वाचलं. कारण बघा ना, इतके दिवस उलटी हाच तर पुरावा होता. पोट दिसत नाही, हालचाल कळत नाही, आता मळमळही नाही, मग आत कोणी आहे हे मी कशावरून म्हणायचं? सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, आतापर्यंत ज्या हॉर्मोन्सने छळलं त्यातलं मुख्य आता उतरणीला लागलंय, प्लासेंटाने कारभार हातात घेतलाय, हे असंच व्हायला पाहिजे. रक्त गेलं, पोटात खूप दुखलं, ताप आला तर लगेच ये, भूक लागली म्हणून येऊ नकोस. तरी मी गेलेच. त्यांनी पोटावर डॉपलर ठेवला, आधी नुसती खरखर, मग माझेच ठोके, आणि मग एकदम ते. 152. शिगम्यात ताशेवाला रंगात आला की काठ्या दिसत नाहीत ना हातातल्या, तसं. नवऱ्याने रेकॉर्ड करून घेतलं, दिवसातून दोनदा तरी ऐकते, त्याला सांगू नका.

बाकी प्रकार छोटे छोटे पण चिक्कार आहेत. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, नाक सारखं चोंदलेलं, कारण अंगातलं रक्तच वाढतं म्हणे. शिंक आली की जांघेच्या वर सण्णकन कळ, पहिल्यांदा आली तेव्हा मी ओट्याला धरून उभीच राहिले, ते गर्भाशय धरून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात त्याचं असतं. हिमोग्लोबिन 10.2 आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, त्या लिंबू पाण्याबरोबर, चहा तासभर लांब, आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतलं तर लोह नीट लागत नाही. गोळ्यांनी पोट जे गच्च धरलंय त्याबद्दल न बोललेलं बरं. सासूबाई रोज तांबडी भाजी करतात. मासळी चालू आहे, बांगडे तारले हवे तेवढे, मोठ्या माशांत पारा जास्त म्हणून विसवण, म्हणजे सुरमई, जरा बेतानेच. माझी आवडती विसवण, हे दुःख कोणाला सांगू.

जीन्सचं बटण लागत नाही पण पोटही म्हणावं असं नाही, नुसतं जास्त जेवल्यासारखं दिसतं. काजात केसांचा रबर अडकवून तो बटणाला लावते, वर लांब कुर्ता, झालं. बसमध्ये मात्र याचा तोटा. डिचोली ते पणजी एका उन्हाच्या दिवशी उभी होते, चक्कर यायला लागली, लेडीज सीटवर एक काका आरामात बसलेले. म्हटलं काका, मी प्रेग्नंट आहे, जरा बसू दे. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. नीट बघितलं हां, जणू तिकीट तपासतायत. मग उठले, पण विश्वास बसल्यासारखं तोंड नव्हतं. इतकी लाज का वाटावी मला, चूक काय होती माझी? आता सरळ मोठ्याने सांगते, सगळ्या बसला ऐकू जाऊ दे.

शेजारच्या आंटीला मात्र काही दिसायची गरज नसते. "बरी आसा मगो?" विचारते आणि चेहऱ्यावरून मुलगा की मुलगी ते जाहीर करून टाकते. सोनोग्राफीच्या खोलीत गर्भलिंग सांगायला बंदी करणाऱ्या 1994 च्या कायद्याचा एवढा मोठा बोर्ड लावलाय, आंटीला तो लागू नाही. एका आठवड्यात मुलगा होता, पुढच्या आठवड्यात मुलगी झाली.

सासूबाईंचं पाचव्या महिन्यात फुलां माळायचं आत्ताच चाललंय, अबोली कोणाकडून आणायची, जायांचे कळे मिळतील का, साडी कुठली. मी मनात म्हणते आधी हालचाल तर कळू दे. पहिल्या वेळी अठरा-वीस आठवडे लागतात हे मला पाठ आहे, तरी रोज जेवून झाल्यावर पंख्याखाली उताणी पडते आणि पोटावर हात ठेवून वाट बघते.

काल रात्री खरंच काहीतरी झालं. डावीकडे खाली, बुडबुडा फुटल्यासारखं, दोनदा. मी श्वास धरून पडले, नवऱ्याला हाक मारली, तो आला, सासूबाईपण आल्या, तिघंजण पोटाकडे टक लावून बसलो. पाच मिनिटं काही नाही. मग सासूबाईंनी विचारलं, "दुपारी चण्यांची उसळ किती खाल्लीस?"

दोन वाट्या.