उगमापासून मुखापर्यंत: मिसिसिपीकाठची आखणी, नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी एका प्रश्नापाशी अडकले होते: नदीच्या कोणत्या काठाने जायचं? तो आईने सोडवला. ती सांगलीला असते; व्हिडिओ कॉलवर मी तिला नकाशा दाखवत होते. तिने चष्मा सावरून विचारलं, "अगं, पण नदी उजवीकडे ठेवायची ना? मावशीने परिक्रमा केली तेव्हा नर्मदा सतत उजव्या हाताला होती."

आमची ही काही परिक्रमा नाही. आम्ही एकाच दिशेने जाणार आहोत, आणि नदी ओलांडायची नाही हा नर्मदेचा नियम इथे पहिल्याच दिवशी मोडतो. पण त्या रात्री मी तिच्या प्रश्नावर नकाशा पुन्हा उघडला आणि तीन महिन्यांचा गुंता सुटत गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या इटास्का तलावातून मिसिसिपी निघते, तिथून लुइझियानातल्या व्हेनिस या गावापर्यंत, जिथे गाडीचा रस्ता संपतो, असा आईचा आणि माझा गाडीने करायचा हा प्रवास आहे. नदीच्या काठांवर मिळून दहा राज्यं. 'ग्रेट रिव्हर रोड' नावाची आखलेली वाट १९३८ पासून आहे. हिरव्या-पांढऱ्या पाटीवर जहाजाचं सुकाणूचक्र दिसलं की आपण तिच्यावर आहोत. पण तो एक सलग रस्ता नाही. राज्यांचे आणि काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यांचे, छोटे रस्ते जोडत जोडत ती वाट दोन्ही काठांनी जाते. त्यामुळे दर पुलापाशी निवड करावी लागते, आणि निवड चुकली तर चांगली जागा पाण्याच्या पलीकडे राहते. पूल दरवेळी जवळ असेलच असं नाही.

नदी उजवीकडे ठेवून दक्षिणेला जायचं, म्हणजे पूर्वकाठ धरायचा. त्या काठावर काय काय येतं ते लिहून काढलं. विस्कॉन्सिनचा ३५ नंबरचा रस्ता, जो माझ्या मते सगळ्या वाटेतला सर्वांत देखणा तुकडा आहे. पुढे इलिनॉय, केंटकी, टेनेसी. आणि खालच्या अंगाला खरी गंमत आहे. इलिनॉयच्या दक्षिण टोकावरच्या केरो गावाच्या खाली पश्चिमेचा काठ बहुतेक सपाट, पुराच्या पातळीतला. उंच कडे जवळजवळ सगळे पूर्वेला. मेम्फिस, व्हिक्सबर्ग, नॅचेझ ही शहरं त्या कड्यांवर वसलेली. दक्षिणेत नदी रस्त्यावरून दिसतच नाही, कारण मधे मातीचा उंच बंधारा असतो. मैलोनमैल गाडी चालवा, डाव्या-उजव्या हाताला फक्त गवताची भिंत. नदी बघायची तर उंचीवर चढायला हवं, आणि उंची पूर्वेला आहे. आईचा नियम भूगोलाच्याही सोयीचा निघाला.

आता एप्रिलमधल्या चाचणीफेरीबद्दल. मी सेंट लुइसला राहते, म्हणजे नदीच्या जवळजवळ मध्यावर. एक शनिवार-रविवार धरून एकटीच खाली केरोच्या जरा पुढपर्यंत जाऊन आले. तेव्हा पश्चिमकाठाने जाऊन डोरिना इथल्या फेरीबोटीने मिसूरीतून केंटकीतल्या हिकमनला उतरायचा बेत होता. गाडीसकट नदी पार करायची मला फार हौस होती. पोचले तर पाणी चढलेलं आणि फेरीबोट बंद. केरोपासून खाली करूथर्सव्हिलपर्यंत मधे एकही पूल नाही, हे नकाशावर वाचणं वेगळं आणि धक्क्यावर उभं राहून समजणं वेगळं. परत फिरून वर केरोला आले आणि दोन पूल ओलांडून केंटकीत गेले. तोवर दुपार गेली होती. फेरी ज्यांच्या बेतात असेल त्यांनी त्या दिवशी सकाळी फोन करावाच. नदी फार चढली तरी फेरी थांबते, फार उतरली तरी थांबते.

त्याच चाचणीफेरीत कॅस्कॅस्किया पाहिलं. इलिनॉय राज्याची ही पहिली राजधानी. १८८१ च्या पुरात नदीने प्रवाह बदलला आणि गाव पश्चिमेला पडलं. आज तिथे जायचं तर मिसूरीतल्या सेंट मेरी गावातून जुन्या पात्रावरचा छोटा पूल ओलांडून जावं लागतं. राज्य इलिनॉयच, पण नदीच्या पलीकडे. तिथल्या शेतांच्या कडेला मी बराच वेळ उभी होते. काठ कोणता, हे नदी ठरवते.

सांगलीचं कुणी वाचत असेल तर त्यांना हे समजावायला नको. आमच्याकडे जुलै लागला की आयर्विन पुलाखाली पाणी किती, हा घरातला रोजचा प्रश्न. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे लहानपणीच पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा मी इथे होते आणि आई तिथे वरच्या मजल्यावर. तेव्हापासून मला नदीची पातळी बघायची सवयच लागली आहे. सेंट लुइसची धोक्याची रेषा तीस फूट. १९९३ साली १ ऑगस्टला इथे ४९.५८ फूट पाणी होतं. आखणीत मी सेंट लुइस, केरो, मेम्फिस आणि व्हिक्सबर्ग या चार ठिकाणची पातळी रोज वहीत उतरवते. महिनाभर लिहिल्यावर एक लय हाताला लागते: वर चढलेलं पाणी खाली कधी पोचेल याचा अंदाज येतो.

सुरुवातीला मेम्फिसची पातळी उणे दिसली की मी गोंधळायचे. मोजपट्टीचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, एक जुनी ठरवलेली खूण. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पातळी उणे दहाच्याही खाली गेली होती आणि बार्जेस, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, वाळूत रुतल्या होत्या. आमचा प्रवास ऑक्टोबरमध्येच आहे, त्यामुळे पुरापेक्षा ओहोटलेली नदी भेटण्याची शक्यता जास्त. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी उतरलं की वाळूचे पांढरे पट्टे उघडे पडतात आणि ग्रँड टॉवर गावासमोरचा टॉवर रॉक हा खडक बुंध्यापर्यंत दिसतो.

महिना ठरवताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागला. इटास्काला पानं रंगतात सप्टेंबरच्या अखेरीस, विस्कॉन्सिनच्या कड्यांवर ऑक्टोबरच्या मध्याकडे. दक्षिणेत तोवर उन्हाचा कडाका कमी झालेला असतो. अडचण एकच: वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, आणि शेवटचा तुकडा अगदी मेक्सिकोच्या आखाताच्या तोंडावर. म्हणून उत्तरेकडचे मुक्काम पक्के पैसे भरून घेतले, न्यू ऑर्लिन्सच्या खालचे सगळे ऐनवेळी रद्द करता येतील असे. त्यासाठी थोडे जास्त मोजले. व्हेनिसकडे जायला २३ नंबरचा एकच रस्ता आहे, आणि २००५ साली कतरिना वादळ किनाऱ्यावर आदळलं ते त्याच रस्त्यावरच्या ब्युरसपाशी.

आता मुक्काम. इटास्का ते व्हेनिस माझ्या हिशेबाने सुमारे २,१०० मैल, सतरा दिवस. दिवसाला सरासरी दीडशे मैलांवर जायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला आहे. काठचे रस्ते दुपदरी, दर गावात वेग पंचविसावर येतो. ताशी चाळीस मैल सरासरी पडली तरी खूप. आंतरराज्य महामार्गाच्या हिशेबाने इथे आखणी केली तर रोज अंधारात पोचाल. आई अडुसष्ट वर्षांची आहे, दर दीड तासाला उतरून पाय मोकळे करायला हवेत. एक सोय आपोआप झाली: संपूर्ण वाट एकाच प्रमाणवेळेत आहे, त्यामुळे तिच्या गोळ्यांच्या वेळा हलणार नाहीत.

इटास्काला एक पूर्ण दिवस ठेवलाय. तलावातून पाणी बाहेर पडतं तिथे दगडांची ओळ आहे, तिच्यावरून चालत मिसिसिपी ओलांडता येते. त्या दगडांची मांडणी १९३० च्या दशकातली, तेव्हा तिथली दलदल भरून काढून काठ नीट केला. शेजारच्या लाकडी खांबावर कोरलंय की नदी इथे समुद्रसपाटीपासून १,४७५ फुटांवर सुरू होते आणि २,५५२ मैल वाहते. आजची मोजणी २,३४० च्या आसपास येते. इथे पडलेला थेंब आखातात पोचायला सुमारे नव्वद दिवस लागतात. आम्ही सतराव्या दिवशी पोचणार. दगड निसरडे असतात. आईच्या गुडघ्यांसाठी जवळच ओंडक्याचा साकव आहे, तोही नदी ओलांडतोच. तिचं म्हणणं, क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखाखाली हात धरला तसा इथे पाण्यात पाय बुडवायचाच. तेवढं काठावर बसूनही होईल.

एक गोष्ट तिला मुद्दाम सांगून ठेवली आहे. इथून निघालेली नदी आधी उत्तरेला जाते, बेमिजीपर्यंत, मग पूर्वेला वळते, मग दक्षिणेला. त्यामुळे पहिले दोन दिवस उजवीकडे-डावीकडे काही जमणार नाही. नियम मिनियापोलिसच्या खाली, प्रेस्कॉटला विस्कॉन्सिनमध्ये शिरलो की लागू.

विस्कॉन्सिनच्या २५० मैलांना चार दिवस दिलेत आणि त्यातल्या दोन रात्री अल्मा या लहानशा गावात. गावाच्या डोक्यावर सुमारे पाचशे फुटांचा कडा, त्यावर ब्युएना व्हिस्टाची जागा, आणि खाली गावातच चौथ्या क्रमांकाचं धरण आणि लॉक, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसरीवर नेणारा, दारं लावलेला पाण्याचा कप्पा. वरच्या मिसिसिपीवर पंधरा बार्जेसचा ताफा एका टोबोटीने ढकलत नेतात, तीनाच्या पाच रांगा. लॉक सहाशे फुटांचं, ताफा त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून मधोमध तोडून दोन खेपांत पार करतात. तासदीड तास सहज जातो. प्रत्येक बार्जमध्ये पंधराशे टन माल, आणि ऑक्टोबर म्हणजे मका-सोयाबीनचा हंगाम. हे सगळं दोरखंड बांधण्यापासून बघायचं तर एक रात्र पुरत नाही. अल्माला खोली घेणाऱ्यांना सल्ला: रेल्वेरूळ गावाला घासून जातात आणि रात्रभर मालगाड्या भोंगे वाजवतात. मागच्या बाजूची खोली मागा.

नियमाला पहिला अपवाद प्रेअरी दु शीनला. तिथे पूल ओलांडून आयोवात जायचं, कारण पाइक्स पीकच्या कड्यावरून विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळताना दिसते. १७ जून १६७३ ला मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी तिथूनच मिसिसिपीत उतरले. जवळच एफिजी माउंड्स आहेत, अस्वलांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे प्राचीन टेकाड. पण वर जायची वाट चढणीची आहे, तिथे मी एकटी पहाटे जाऊन येईन.

इलिनॉयमधला गॅलिना, नॉवू हा भाग भराभर. मग सेंट लुइसला घरीच दोन रात्री, कपडे धुऊन, डबे भरून पुढे. दक्षिणेतल्या लहान गावांत शाकाहारी माणसाला बटाट्याशिवाय फारसं मिळत नाही. लहान विजेचा कुकर, मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, हे गाडीत कायमचं.

खालच्या टप्प्यात केंटकीचा कोलंबस-बेलमाँटचा कडा घातलाय, आणि रीलफूट तलावाकाठी एक रात्र. १८११-१२ च्या न्यू मॅड्रिडच्या भूकंपांत जमीन खचली आणि त्यातून हा तलाव झाला. आईला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. भांडी फळीवरून पडल्याचा आवाज अजून आठवतो, म्हणाली. तलावात पाण्यातून वर आलेली सायप्रसची झाडं आहेत. ती रात्र मी आता कशासाठीही काढणार नाही.

मेम्फिसला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्या लोरेन मोटेलमधलं नागरी हक्कांचं संग्रहालय, त्याला अख्खा दिवस. पुढे ६१ नंबरने क्लार्क्सडेल, व्हिक्सबर्ग, नॅचेझ. नॅचेझला दुसरा मोठा अपवाद: पूल ओलांडून पश्चिमेला, १५ नंबरच्या रस्त्याने ओल्ड रिव्हरच्या नियंत्रण बांधकामावरून जायचं. मिसिसिपीला अचाफलाया नदीच्या जवळच्या वाटेने समुद्र गाठायचा आहे. १९६३ पासून दारं घालून तिला अडवलं आहे: तीस टक्के पाणी तिकडे, सत्तर टक्के बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्सकडे. १९७३ च्या पुरात तिथलं एक बांधकाम जवळजवळ उखडलं होतं. अलमट्टीच्या दारांची बातमी रोज ऐकत वाढलेल्या माणसाला ती जागा बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथून सेंट फ्रान्सिसव्हिलच्या पुलाने परत पूर्वेला.

शेवटचा अपवाद टाळता येत नाही. पूर्वकाठचा रस्ता आधीच संपतो, व्हेनिस पश्चिमेला आहे. म्हणजे शेवटचे पंचाहत्तर मैल नदी डावीकडे. आईने यावर विचार करून सांगितलं की समुद्राला मिळताना चालेल.

राहिलेलं काम एकच. व्हेनिसला रस्ता संपतो, नदी संपत नाही. ती जिथे तीन फाट्यांत फुटते ते हेड ऑफ पासेस आणखी दहाएक मैल खाली आहे आणि तिथे होडीनेच जाता येतं. मासेमारीला नेणाऱ्या एकाशी बोलणं झालंय, मासे न धरता नुसतं दाखवून आणायला तो तयार आहे, पण पैसे सहा जणांचे घेणार. नवरा न्यू ऑर्लिन्सला येऊन मिळेल, तरी आम्ही तिघंच. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुणी त्या बाजूला असेल तर होडीत तीन जागा रिकाम्या आहेत. निघायची वेळ पहाटे साडेपाच, सोबत जाड जॅकेट आणावं.